आकड्यावरून हाक मारणाऱ्या मॅडम

“चेहरा बघायला मी काय फोटो स्टुडिओ काढलाय?” असं त्वचेची डॉक्टर पेशंटला म्हणते, हे मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावतेय. मी काहीही लावत नाहीये. नारायण पेठेतल्या त्या दवाखान्यात मी मॅडमच्या हाताखाली ज्युनियर डॉक्टर म्हणून दोन वर्षं काढली आणि तेवढ्यात त्यांनी एखाद्या मुलीचा चेहरा उजेडाकडे वळवून नीट पाहिल्याचं मला आठवत नाही. येणाऱ्या बहुतेक मुलींच्या तक्रारी ठरलेल्या असायच्या. हनुवटीवर राठ केस, गालांवर न जाणारे फोड, रुंद होत चाललेला भांग, मानेवर काळपट जाड पट्टा, आणि पाळी आली तर आली. पीसीओएस हा शब्द हल्ली पुण्यात घरटी एकीला तरी ठाऊक असतो. अशा मुलींच्या अंगात टेस्टोस्टेरॉन नावाचं पुरुषी हॉर्मोन थोडं जास्त असतं आणि त्याचे भोग त्वचेच्या वाट्याला येतात. किती जास्त आहे ते रक्त तपासून कळतं. इथपर्यंत मॅडमचं आणि वैद्यकशास्त्राचं एकमत होतं. त्यापुढे मॅडम एकट्याच जायच्या.

साठी उलटलेली बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि टेबलावर बुधवार पेठेतून आणलेलं, आत दिवा असलेलं भलंमोठं भिंग. ते भिंग त्वचा बघायला असेल असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. ते रिपोर्टवरचे बारीक आकडे वाचायला होतं.

पेशंटला नाव असतं ही गोष्ट त्यांना मंजूर नव्हती. रक्तात टेस्टोस्टेरॉन जेवढं, तेवढी ती मुलगी. “बाहेरच्या त्या पंच्याऐंशीला आत पाठव,” असं त्या मला सांगायच्या, आणि पंच्याऐंशी कोण हे मी ओळखावं अशी अपेक्षा असायची. एकदा बासष्ट म्हटल्यावर बाकावरच्या दोघी उठल्या. मॅडमनी भिंगातून दोन्ही रिपोर्ट पाहिले आणि एकीला म्हणाल्या, “तू बासष्ट. तू साडेबासष्ट. बस खाली.” दुसरी एक मुलगी धीर करून बोलली होती, “मॅडम, माझं नाव केतकी आहे.”

“असू दे की,” मॅडम म्हणाल्या. “मी हरकत घेतली का?”

पेशंट काही सांगायला लागली की त्यांचा एक हात वर व्हायचा. “मत विचारलं का मी?” हे त्यांचं आवडतं वाक्य. पाळी कधी येते, घरात कुणाला मधुमेह आहे का, कुठली औषधं चालू आहेत, हे सगळं विचारायचं असतं असं मला कॉलेजात शिकवलेलं. मॅडमच्या मते हे सगळं ऐकीव. पेशंट खोटं बोलतात, नातेवाईक जास्त खोटं बोलतात आणि रक्ताला तेवढी अक्कल नसते म्हणून ते खरं बोलतं. हे त्या इतक्या ठामपणे सांगायच्या की समोरचा मान डोलवायचा. मीही सुरुवातीचे काही महिने डोलवली.

दवाखान्यातल्या मुलींचे आकडे बाहेरगावच्यांपेक्षा चढे येतात, हे मॅडमनी फार पूर्वीच हेरलं होतं. दुसऱ्या कुणी ते पाहिलं असतं तर आधी दवाखान्यातलं रक्ततपासणीचं यंत्र तपासलं असतं. मॅडमनी खडकवासल्याला धारेवर धरलं. त्यांचा सिद्धांत असा, की धरणाच्या पाण्यातच असं काहीतरी आहे की पुण्याची मुलगी दाढीमिशीकडे झुकते. काय आहे, ते विचारायचं नाही. त्या स्वतः नळाचं पाणी तोंडाला लावत नसत. वाईची बहीण कुणाकुणाबरोबर विहिरीच्या पाण्याचे कॅन पाठवायची आणि त्या पाण्याचाच चहा व्हायचा. डॉक्टरांच्या बैठकीत त्या या विषयावर भाषण करायच्या. टाळ्या पडायच्या. आपल्यात काहीतरी जगावेगळं आहे हे पुणेकराला ऐकायला आवडतं, मग ते हॉर्मोन का असेना.

पेशंटवर विश्वास नाही म्हटल्यावर, त्या घरी औषध घेत असतील यावर तरी कसा बसणार? म्हणून मॅडमच्या टेबलावर लोणच्याची एक चिनी मातीची बरणी असायची आणि तिच्यात केसांच्या गोळ्या. केस दाट व्हावेत म्हणून लोक हल्ली कौतुकाने खातात ते बायोटिन, तेही चांगलं जोरकस. पहिल्याच भेटीत प्रत्येकीला घरी घ्यायला पुडी मिळायची. मग पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, रक्त द्यायला यायचं. उपाशीपोटी म्हणजे बायका पाण्याचा थेंबसुद्धा न घेता यायच्या. एकीने विचारलं होतं, “आज संकष्टी पण आहे, दोन्ही एकातच धरलं तर चालेल ना?” अशी ती रांग आधी मॅडमच्या खोलीत शिरायची. मॅडम बरणीतून गोळी काढायच्या, वाईच्या पाण्याचा घोट द्यायच्या आणि म्हणायच्या, “माझ्यासमोर गीळ. तोंड उघड. जीभ वर कर.” मग मुलगी पलीकडच्या खोलीत जायची, थोडी ताटकळायची आणि दंड पुढे करायची. आधी गोळी, मग सुई. हा दवाखान्याचा नेमच होता.

मॅडमचं काहीच चांगलं नव्हतं असं म्हटलं तर तो खोटेपणा होईल, आणि खोटेपणा त्यांच्याकडे पुरेसा आहे. एकदा एक बाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन आल्या. मुलासाठी सांगून आलेली मुलगी मॅडमची पेशंट आहे असं त्यांना कुठूनतरी कळलं होतं. खुर्ची पुढे ओढून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही आपल्याच आहात म्हणून विचारते. मुलीचं हॉर्मोनचं कितपत आहे? पुढे मूलबाळ व्हायला त्रास नको.”

“सांगते ना,” मॅडम म्हणाल्या. “आधी तुमचं रक्त द्या. मग मुलाचं. त्याच्या वडिलांना साखर आहे?”

“आहे थोडी.”

“मग त्यांचंही. सगळ्यांचे रिपोर्ट मुलीच्या घरी पाठवते. त्यांना पसंत पडलात तर पुढचं बोलू.” आणि मला म्हणाल्या, “यांना रक्ताच्या खोलीत ने. आणि पेढे बाहेर बाकावर वाट, मुली रक्त देऊन उपाशी बसल्यात.”

बाई चपला हातात घेऊनच जिना उतरल्या. त्या दिवशी मला मॅडमचा अभिमान वाटला होता. त्या अभिमानाचा मला आता राग येतो, पण वाटला होता हे खरं.

त्यांच्या भाषणांचा हुकमी एक्का म्हणजे शबनम. कॅम्पातल्या एका शाळेत ती गणित शिकवते. मी दवाखान्यात लागण्याच्या आधी कधीतरी ती केस गळतात म्हणून मॅडमकडे आली होती. तिचा आकडा आला एकशे ब्याण्णव; एरवी बाईचा पन्नाशीच्या आत असतो. इतकं टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंगात दिसलं की अंडाशयात हॉर्मोन ओकणारी गाठ आहे का, हे शोधावं लागतं. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर एक पाण्याची गाठ दिसली. तशी ती निम्म्या बायकांना अधूनमधून दिसते आणि आपोआप जाते. पण मॅडमचा आकडा आणि ती गाठ यांची सांगड घालून, मॅडमच्या ओळखीच्या सर्जननी तिचं ते अंडाशय काढून टाकलं. काढलेल्या अंडाशयाची तपासणी झाली तेव्हा त्यात हॉर्मोनची गाठ सापडली नाही. मॅडम म्हणाल्या, “सापडणार कशी? इतक्या लहानपणीच पकडली मी.” ऑपरेशननंतर सर्जनच्या हॉस्पिटलातच पुन्हा रक्त तपासलं तर आकडा अडतिसावर आलेला. झालं. त्यापुढच्या प्रत्येक भाषणात “आधी एकशे ब्याण्णव, नंतर अडतीस” हे पडद्यावर झळकायचं.

शबनम मात्र मनापासून ऋणी होती. दर ईदला डबाभर शीरखुर्मा घेऊन यायची. “मॅडम नसत्या तर माझं काय झालं असतं,” असं मलाही सांगायची. मॅडम शीरखुर्मा चमच्याने चाखायच्या आणि म्हणायच्या, “खजूर कमी घाल. इन्सुलिन वाढतं.”

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला प्रज्ञा आली. येरवड्याची, सव्वीस वर्षांची, खराडीच्या एका कंपनीत नोकरी करणारी. बरोबर आई होती, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि त्या हुद्द्याला शोभेल अशी सावकाश, कुणालाही न बधणारी. प्रज्ञाला फोडांचे डाग होते, हनुवटीला चारदोन केस होते, पाळी लांबायची. इतकंच. तिचा आकडा आला दोनशे दहा.

मॅडम भिंगावरून हर्षाने वर बघत म्हणाल्या, “शबनमच्या वर!” सोनोग्राफी झाली. डाव्या अंडाशयावर गाठ निघाली. सर्जनना फोन गेला आणि ऑपरेशनची तारीख ठरली. आईला खोलीत बोलावून मॅडमनी हे सगळं सांगितलं, म्हणजे रिपोर्ट पुढे सरकवला.

आईने तो वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. “मॅडम, एकदा तिच्याकडे बघा तरी.”

“बघितलं. दोनशे दहा.”

“तो कागद झाला. मी पोरीबद्दल बोलतेय. तुम्हीच म्हणता की पुरुषाचं हॉर्मोन इतकं वाढलंय. मग तिचा आवाज का नाही बदलला? मिशा का नाही फुटल्या? माझ्या पोरीपेक्षा जास्त केस माझ्या हनुवटीला आहेत.”

“अहो बाई, मत विचारलं का मी?”

“नाही विचारलंत. पण ओव्हरी तिची आहे, म्हणून सांगतेय,” आई म्हणाली. “गेल्या वर्षी कंपनीच्या तपासणीत सगळं नॉर्मल आलं होतं.”

“कंपनीची तपासणी!” मॅडम हसल्या. “तिथे डोकं जागेवर आहे का एवढंच बघतात.”

प्रज्ञा आईच्या खुर्चीमागे उभी होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “डॉक्टर, कॅन्सर आहे का? सरळ सांगा ना प्लीज. मला आठवडाभर झोप नाहीये.” मी तिचा चेहरा पाहिला, खरंच पाहिला. आई बोलली ते अगदी बरोबर होतं. दोनशे दहा अंगात घेऊन फिरणारी बाई अशी दिसत नाही.

त्या दुपारी मी तिचे सगळे रिपोर्ट घेऊन बसले. थायरॉइडची तपासणीही झाली होती, आणि तीही बिघडलेली. त्या आकड्याप्रमाणे तिचा थायरॉइड धावत सुटला होता. म्हणजे तिचे हात कापायला हवेत, छाती धडधडायला हवी, वजन उतरायला हवं. प्रज्ञाचं यातलं काहीच नव्हतं. दोन वेगवेगळ्या ग्रंथी, दोन्हींचे आकडे भयंकर, आणि बाई ठणठणीत. हे असं एकाच कारणाने होतं असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण ते नेमकं काय, हे आठवण्यासाठी मला पुस्तक उघडावं लागलं नाही. समोर टेबलावर बरणी होती.

काही यंत्रं रक्तातलं हॉर्मोन पकडायला बायोटिनचाच गळ वापरतात, मासा पकडावा तसा. रक्तात बाहेरून भरमसाट बायोटिन आलं की यंत्र फसतं. टेस्टोस्टेरॉन असतं त्याहून कितीतरी जास्त दाखवतं आणि थायरॉइडच्या तपासणीत नेमकं उलट, टीएसएच कमी दाखवतं, आणि ते कमी दिसलं की थायरॉइड धावतोय असं वाटतं. आमचं यंत्र जुनं, त्याच जातीचं. म्हणून रक्त देण्याआधी दोनतीन दिवस या गोळ्या बंद ठेवायच्या असतात. आणि आमच्याकडे काय चालायचं? आधी गोळी, मग सुई. जिचे केस जास्त गळतात तिला मॅडम जास्त गोळ्या द्यायच्या, मग तिचा आकडा जास्त यायचा, मग मॅडम म्हणायच्या, बघा, केस गळण्याचं आणि हॉर्मोनचं नातं किती पक्कं. खडकवासल्याचं पाणी बिचारं निर्दोष होतं. पुण्याच्या मुलींच्या रक्तात जे जगावेगळं होतं, ते मॅडमच्या बरणीतून गेलेलं होतं.

मी प्रज्ञाला फोन केला. गोळ्या पूर्ण बंद करायला सांगितल्या आणि आठवड्याने तिचं रक्त आमच्या यंत्रावर आणि बाहेर दुसरीकडे, दोन्हीकडे तपासलं. दोन्हीकडे टेस्टोस्टेरॉन साठच्या आसपास, पीसीओएसमध्ये असतं तेवढंच. थायरॉइड उत्तम. मी ते दोन्ही रिपोर्ट मॅडमपुढे ठेवले आणि बायोटिनचं सगळं सांगितलं. मॅडमनी भिंग लावून दोन्ही वाचले. बराच वेळ वाचले. त्यांना समजलं होतं. ही बाई मूर्ख नव्हती, मूर्ख असती तर मी तिला माफ केलं असतं.

“मुलीला आणि आईला बोलव,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता माफी मागतील. दोघी आल्या. मॅडम खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, “आनंदाची बातमी आहे. आकडा उतरला. माझ्या उपचारांनी गाठ विरघळायला लागलीय. ऑपरेशनची गरज नाही.”

आईने डोळे मिटून हात जोडले. तिच्या ओठांवर “नमो बुद्धाय” आलेलं मी पाहिलं. प्रज्ञा मात्र मॅडमकडे रोखून बघत होती.

“पण मॅडम, ट्रीटमेंट तर काहीच सुरू नव्हती. उलट गोळ्या स्टॉप केल्या होत्या.”

“मत विचारलं का मी?”

मग मी बोलले. गोळी, यंत्र, खोटा आकडा, सगळं मी मॅडमच्या देखत सांगितलं. गाठ साधी आहे, कॅन्सर नाही, पहिल्यापासून नव्हता, आणि गाठ गेली की नाही ते दोन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफीत बघू, हेही सांगितलं. प्रज्ञा रडायला लागली. आईने तिला उठवलं, पर्स काखेत मारली आणि दारातून मॅडमना म्हणाली, “लोणच्याच्या बरणीत लोणचंच ठेवत चला.”

त्या गेल्यावर खोलीत आम्ही दोघीच उरलो. मॅडम माझ्यावर ओरडतील अशी माझी तयारी होती. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी बरणी उचलून खालच्या कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, “उद्यापासून आधी सुई, मग गोळी.”

“तेवढ्याने होणार नाही मॅडम. घरी पण बंद ठेवायला लागतील.”

“बरं. तसं सांग सगळ्यांना.”

“आणि शबनम?”

“तिचं काय?”

“ऑपरेशनच्या आधी तिच्या सगळ्या गोळ्या सर्जननी बंद केल्या होत्या, फाइलमध्ये आहे. नंतरचं रक्त गोळ्यांशिवायचं होतं. म्हणून आकडा उतरला. अंडाशय काढलं म्हणून नाही.”

मॅडमनी कपाटाला कुलूप लावलं. मग अगदी सहज, एखाद्या पेशंटला पथ्य सांगावं तशा म्हणाल्या, “काढलेलं परत बसवता येतं का?”

“नाही.”

“मग सांगून काय मिळणार आहे?”

माणसाची किळस येणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी ॲप्रन काढून त्यांच्या त्या भिंगावर टाकला आणि निघाले. पुढे मॅडम पाण्यावर बोलायच्या थांबल्या, असं ऐकलं. आता म्हणे त्या पुण्याच्या हवेवर बोलतात.

नोकरी सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी कॅम्पात शबनमच्या शाळेत गेले. मला बघून तिला वाटलं मॅडमना काही झालं. “बऱ्या आहेत ना?” हा तिचा पहिला प्रश्न. मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावर बसून मी तिला सांगितलं, गणिताच्या बाईला सांगावं तसं, पायरी पायरीने. शेवटी तिने विचारलं, “म्हणजे माझं जे काढलं, ते चांगलं होतं?”

मी हो म्हणाले.

समोर मुलींची पकडापकडी चालली होती. एक धडपडून आमच्या पायाशी आली, शबनमने तिला उभं केलं, गुडघा झटकला आणि परत पाठवलं.

“मॅडमना हे कळलंय?”

“कळलंय.”

“मग त्या का नाही आल्या?”

“त्या म्हणाल्या, सांगून काय मिळणार आहे.”

घंटा झाली. शबनम उठली, ओढणी सारखी केली, आणि वर्गाकडे जाता जाता थांबली.

“मिळालं ना,” ती म्हणाली. “पाच वर्षं मी रोज नमाजनंतर त्यांच्यासाठी दुआ मागतेय. ती आता बंद करता येईल.”